मेंदूचा मुका मार

डोक्याला मार लागल्यानंतर रक्त आले नाही, टाके पडले नाहीत, माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहिला आणि रुग्णालयात काढलेल्या सीटी स्कॅनमध्येही काही आढळले नाही, तर त्या माराची नोंद ‘सौम्य’ अशी होते. ही वर्गवारी ज्या मोजपट्टीवर आधारलेली आहे ती स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या मेंदूशल्यचिकित्सकांनी १९७४ मध्ये तयार केली. रुग्ण डोळे केव्हा उघडतो, प्रश्नाला उत्तर कसे देतो आणि सांगितल्यावर हातपाय हलवतो का, या तीन गोष्टींना गुण देऊन ३ ते १५ अशी बेरीज केली जाते आणि १३ ते १५ गुण मिळाले की दुखापत सौम्य ठरते. कोणाला तातडीची शस्त्रक्रिया लागेल आणि कोणाला केवळ देखरेख पुरेल हे ओळखण्यासाठी ही पट्टी आजही उत्तम आहे. परंतु ती पहिल्या काही तासांतली शुद्ध मोजते, तीन महिन्यांनंतरची स्मरणशक्ती मोजत नाही आणि तीस वर्षांनंतरचा स्वभाव तर नाहीच नाही. ‘सौम्य’ हा शब्द रुग्णाच्या त्या दिवसाच्या अवस्थेबद्दल असतो, मेंदूत झालेल्या बदलांबद्दल नसतो, आणि या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच असंख्य माणसे डोके चोळत उठतात व लगेच पुन्हा त्याच खेळात, त्याच कामात किंवा त्याच घरात परततात.

मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः बोरीवलीसारख्या भागात, अशा माराचे प्रसंग थोडे नाहीत. मागाठाण्यातील देवीपाड्याच्या मैदानावर लागणारे दहीहंडीचे थर, गोराईपासून कांदिवलीपर्यंतच्या मैदानांवर शाळकरी मुलांना सीझन चेंडूवर दिले जाणारे क्रिकेटचे धडे, गच्च्यांवर आणि मोकळ्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या कृत्रिम हिरवळीच्या फुटबॉल मैदानांवर रात्री उशिरापर्यंत रंगणारे सामने, कबड्डीच्या मॅटवरच्या पकडी, हे सारे उपनगरी तारुण्याचे अविभाज्य भाग आहेत. त्यांत कवटी फुटण्याचे प्रसंग क्वचित येतात आणि आले की त्यांची बातमी होते. या प्रकरणाचा विषय त्या बातमीत न येणारा मार हा आहे.

मेंदूला हा मार नेमका कसा लागतो हे समजण्यासाठी त्याची घडण पाहावी लागते. प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असून त्याचा मऊपणा ताज्या खरवसाहून फारसा वेगळा नसतो. इतका मऊ अवयव हाडाच्या कठीण पेटीत साधारण १५० मिलिलिटर मस्तिष्कमेरूद्रवाच्या आधाराने राहतो. हा द्रव रोजच्या हालचालींतील धक्के सहज पचवतो, परंतु डोके अचानक थांबले किंवा अचानक वळले तर कवटी थांबते आणि आतला मेंदू क्षणभर पुढे सरकत राहतो. ऑक्सफर्ड येथील भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. होलबोर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या मेंदूप्रतिकृतींवर प्रयोग करून असे दाखवले की सरळ रेषेतील धक्क्यापेक्षा डोक्याला बसणारा पीळ मेंदूला अधिक घातक असतो, कारण पिळामुळे मेंदूचे थर एकमेकांवरून घसरतात आणि त्यांच्यामधून जाणारे तंतू ताणले जातात. हनुवटीवर बसलेला ठोसा कपाळावरच्या ठोशापेक्षा माणसाला लवकर का लोळवतो याचे उत्तर या पिळात आहे. डोके कशावरही आपटले नाही, केवळ मान जोरात झटकली गेली, तरीही मेंदूला इजा होऊ शकते, हेही यातूनच निष्पन्न होते.

ताणल्या जाणाऱ्या या तंतूंना अक्षतंतू म्हणतात. मेंदूतील प्रत्येक चेतापेशी आपला संदेश दूरच्या पेशीपर्यंत अशाच एका लांब, अतिशय बारीक तंतूतून पाठवते आणि त्या तंतूच्या आत सूक्ष्म नळ्यांची एक चौकट असते, जिच्यावरून पेशीला लागणारे पदार्थ इकडून तिकडे नेले जातात. तंतू हळूहळू ताणला तर तो लवचीकपणे सावरतो. तोच काही मिलिसेकंदांत ताणला गेला तर ठिसूळ होतो आणि आतल्या नळ्या जागोजाग मोडतात. त्याच वेळी पेशीच्या आवरणातील दारे अवेळी उघडून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते आणि ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य मोठ्या प्रमाणात सांडते. हा समतोल पुन्हा बसवण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा लागते, परंतु नेमक्या याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा घटतो, त्यामुळे मागणी वाढलेली आणि पुरवठा कमी अशी तंगी निर्माण होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील क्रिस्टोफर गिझा आणि डेव्हिड होव्हडा यांनी २००१ मध्ये या घटनाक्रमाची सुसूत्र मांडणी केली. साध्या सीटी स्कॅनमध्ये यातले काहीही दिसत नाही, कारण तो रक्तस्राव आणि हाडाची मोडतोड शोधतो. पेशींतील ऊर्जेची टंचाई दाखवणे हे त्याचे कामच नाही. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ याचा अर्थ शस्त्रक्रियेची गरज नाही एवढाच असतो.

मेंदूच्या अशा हादऱ्याला वैद्यकीय परिभाषेत कन्कशन म्हणतात. त्याच्याविषयीचा सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक गैरसमज असा, की शुद्ध हरपल्याशिवाय कन्कशन होत नाही. खेळातील बहुसंख्य कन्कशनमध्ये शुद्ध मुळीच हरपत नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकणे, डोके जड होणे, मळमळ, तोल जाणे, उजेड आणि आवाज असह्य होणे, नुकतीच घडलेली गोष्ट न आठवणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, विनाकारण चिडणे किंवा रडू येणे, झोप बिघडणे ही त्याची लक्षणे असून त्यांतली काही तासाभराने, तर काही दुसऱ्या दिवशी सुरू होतात. प्रौढांमध्ये ती बहुधा दोन आठवड्यांत आणि मुलांमध्ये चार आठवड्यांच्या आत ओसरतात, ही दिलासा देणारी बाब आहे आणि ती ठामपणे सांगायला हवी; एकदा डोके आपटले म्हणून सहसा कोणाचे आयुष्य उद्ध्वस्त होत नाही.

खरा प्रश्न दुसऱ्या माराचा आहे. ऊर्जेच्या तंगीतून सावरत असलेल्या मेंदूला पुन्हा हादरा बसला तर पहिल्यापेक्षा हलक्या माराचाही परिणाम मोठा होतो आणि लक्षणे कित्येक महिने रेंगाळू शकतात. तरुण खेळाडूंमध्ये याचे एक दुर्मीळ पण भीषण रूप आढळले आहे, ज्यात किरकोळ दिसणाऱ्या दुसऱ्या धक्क्यानंतर मेंदू झपाट्याने सुजतो आणि काही मिनिटांत प्राणावर बेतते. १९८४ मध्ये या अवस्थेला ‘सेकंड इम्पॅक्ट सिंड्रोम’, म्हणजे दुसऱ्या आघाताचा लक्षणसमूह, असे नाव मिळाले. हे नेमके दुसऱ्याच माराने घडते का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र लक्षणे असताना पुन्हा मैदानात उतरू नये, याबद्दल मतभेद नाहीत.

मराठी वाचकाला या नियमाचे महत्त्व क्रिकेटच्या इतिहासातून चटकन उमजेल. जानेवारी १९८१ मध्ये सिडनी कसोटीत मुंबईचे संदीप पाटील ६५ धावांवर खेळत असताना लेन पास्को यांचा उसळता चेंडू त्यांच्या कानावर आदळला आणि ते खेळपट्टीवर कोसळले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांना मैदान सोडावे लागले, तरी त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात ते पुन्हा फलंदाजीला आले आणि महिना संपण्याआधी ॲडलेडला त्यांनी १७४ धावांची खेळी केली, जी भारतीय क्रिकेटमधील थोर खेळींपैकी एक मानली जाते. ती खेळी थोर होतीच, तिचे मोल तसूभरही कमी होत नाही. परंतु डोक्याला इतका मार बसलेल्या खेळाडूला त्याच सामन्यात पुन्हा वेगवान माऱ्यासमोर उभे करण्याचा निर्णय आजच्या वैद्यकीय ज्ञानाच्या कसोटीवर टिकणारा नाही, आणि त्या काळी तो धैर्याचा विषय मानला गेला यात दोष कोणा एकाचा नसून ज्ञानाच्या अभावाचा होता. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके असताना फुटबॉलपटू जर्नेलसिंग यांनी अंतिम सामना खेळून गोल केला, हीदेखील अशीच अभिमानाने सांगितली जाणारी कथा आहे. अशा कथा मुलांना सांगताना त्यांच्यासोबत हा खुलासाही सांगितला जावा, एवढीच अपेक्षा.

जगभरच्या क्रिकेटने आपला दृष्टिकोन बदलायला नोव्हेंबर २०१४ मधील ऑस्ट्रेलियाचे फलंदाज फिलिप ह्यूज यांचा मृत्यू कारणीभूत ठरला. चेंडू त्यांच्या मानेवर लागून मेंदूत रक्तस्राव झाला होता, म्हणजे ती सौम्य दुखापत नव्हती. पण त्या धक्क्यातून डोक्याच्या सर्वच दुखापतींकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले आणि १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेण्याची मुभा दिली. १४ जानेवारी २०२० रोजी वानखेडे स्टेडियमवर पॅट कमिन्सचा चेंडू ऋषभ पंतच्या हेल्मेटवर आदळला, तेव्हा त्याला यष्टिरक्षणासाठी मैदानात उतरवले गेले नाही, ते काम के. एल. राहुलने केले आणि पंत राजकोटच्या पुढच्या सामन्यालाही मुकला. हे योग्यच झाले. याउलट ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे येथे इंग्लंडविरुद्ध खेळताना मुंबईकर शिवम दुबेच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात चेंडू लागला, त्यानंतरही त्याने डावाचा अखेरचा चेंडू खेळला आणि मग त्याच्या जागी आलेल्या हर्षित राणाने तीन बळी घेतले. पुढचे कित्येक दिवस वाद रंगला तो फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलू खेळाडूच्या जागी वेगवान गोलंदाज घेणे न्याय्य होते का, यावर. मार लागल्यावर खेळत राहणे कितपत सुरक्षित होते, हा प्रश्न कडेला पडला. २०२५ मध्येच परिषदेने कन्कशनचे निदान झालेल्या खेळाडूला किमान सात दिवस खेळापासून दूर ठेवण्याचे बंधन घातले. हे नियम आंतरराष्ट्रीय खेळाडूचे रक्षण करतात. बोरीवलीच्या मैदानावर नेटमध्ये कानशिलावर चेंडू खाल्लेल्या बारा वर्षांच्या मुलाला मात्र डॉक्टरही नसतो आणि बदली खेळाडूची सोयही नसते, तिथे सर्व काही प्रशिक्षकाच्या समजुतीवर आणि पालकांच्या धीरावर अवलंबून राहते.

आतापर्यंतची चर्चा लक्षणे दिसतील अशा माराची होती. गेल्या दोन दशकांतील संशोधनाचा अधिक अस्वस्थ करणारा निष्कर्ष असा, की ज्या माराने कोणतेही लक्षण उद्भवत नाही तोही वर्षानुवर्षे साचत राहिला तर मेंदूला पोखरतो. या विचाराची सुरुवात मुष्टियुद्धातून झाली. १९२८ मध्ये अमेरिकेतील न्यूजर्सी राज्यातील शवचिकित्सक हॅरिसन मार्टलँड यांनी ठोशांनी झिंगल्यासारख्या दिसणाऱ्या मुष्टियोद्ध्यांचे वर्णन केले: पाय ओढत चालणे, जीभ जड होणे, हालचाली मंदावणे आणि पुढे बुद्धीही मंदावणे. १९७३ मध्ये ब्रिटनमधील जे. ए. एन. कोर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ माजी मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंची तपासणी करून त्यांतील बदल नोंदवले. तरीही हा आजार केवळ मुष्टियोद्ध्यांचा आहे असाच समज राहिला, तो २००२ मध्ये पिट्सबर्ग येथे डॉ. बेनेट ओमालू यांनी अमेरिकी फुटबॉलमधील नामांकित खेळाडू माइक वेब्स्टर यांच्या मेंदूची तपासणी करेपर्यंत. तिथे त्यांना टाऊ या प्रथिनाच्या गाठी आढळल्या. टाऊ हे अक्षतंतूंमधील सूक्ष्म नळ्यांना बांधून ठेवणारे प्रथिन असून नळ्या मोडल्या की ते सुटे होते, आपली घडी विस्कटून एकमेकांना चिकटते आणि मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, लहान रक्तवाहिन्यांभोवती साचू लागते. या विकाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, थोडक्यात सीटीई, म्हणजे वारंवारच्या आघातांमुळे दीर्घकाळात होणारा मेंदूविकार असे म्हणतात. विसरभोळेपणा, उतावळेपणा, नैराश्य, भडकून उठणे आणि शेवटी स्मृतिभ्रंश अशी त्याची वाटचाल असते आणि त्याचे खात्रीलायक निदान आजही मृत्यूनंतर मेंदूचे छेद घेऊनच करता येते.

बोस्टन विद्यापीठात डॉ. ॲन मॅकी यांच्या नेतृत्वाखाली २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्यावसायिक अमेरिकी फुटबॉल खेळलेल्या १११ मृत खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई आढळला. हा आकडा भीतिदायक वाटतो, पण तो जपून वाचायला हवा, कारण ज्या कुटुंबांना खेळाडूच्या वागण्यात बदल जाणवला होता तीच बहुधा मेंदूदानासाठी पुढे आली होती. यावरून सर्व खेळाडूंपैकी इतक्यांना हा विकार होतो असा अर्थ काढता येत नाही. त्याहून मोलाचा ठरला तो २०२३ मधील अभ्यास. ६३१ मृत खेळाडूंच्या मेंदूंची तुलना त्यांनी कारकिर्दीत सोसलेल्या धक्क्यांच्या अंदाजाशी केली असता, निदान झालेल्या कन्कशनच्या संख्येवरून सीटीईचा अंदाज बांधता आला नाही, तर वर्षानुवर्षे डोक्याने झेललेल्या एकूण बळावरून तो बांधता आला. म्हणजे कोणी किती वेळा घेरी येऊन पडला यापेक्षा तो किती हजार वेळा काहीही न होता उठला, हे अधिक निर्णायक ठरले.

डोक्याने चेंडू मारण्याचा खेळ असलेल्या फुटबॉलमधूनही हेच पुढे आले. इंग्लंडचे आघाडीपटू जेफ ॲस्टल २००२ मध्ये वयाच्या ५९ व्या वर्षी स्मृतिभ्रंशाने वारले, तेव्हा मृत्युचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांचा मृत्यू व्यवसायजन्य आजाराने झाल्याचा निर्वाळा दिला. २०१९ मध्ये ग्लासगोचे डॉ. विली स्ट्युअर्ट यांनी स्कॉटलंडच्या ७६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या आणि त्यांच्यात मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू सामान्य लोकांपेक्षा सुमारे साडेतीन पट असल्याचे दाखवले. त्याच संशोधनाच्या पुढच्या टप्प्यात, डोक्याने चेंडू सर्वाधिक परतवणाऱ्या बचावपटूंना धोका सर्वाधिक आणि क्वचितच डोके वापरणाऱ्या गोलरक्षकांना तो जवळपास सामान्य लोकांइतकाच असल्याचे दिसले. एकाच संघात, एकाच मैदानावर, एकाच काळात खेळलेल्या माणसांमधला हा फरक इतका बोलका आहे की त्यापुढे वेगळा युक्तिवाद करण्याची गरज भासत नाही. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारण्यास २०१५ मध्येच मनाई जाहीर केली. उपनगरांतील फुटबॉल शिकवण्यांनीही हा नियम बिनखर्चात पाळता येण्यासारखा आहे.

येथे बोरीवलीच्याच राष्ट्रीय उद्यानातील एका रहिवाशाचा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. सोनपाठी सुतार पक्षी झाडाच्या खोडावर दिवसभर चोच आपटतो आणि त्याला काही होत नाही, तेव्हा त्याच्या कवटीत धक्के शोषणारी काही खास रचना असली पाहिजे, असे दीर्घकाळ मानले गेले आणि त्या कल्पनेवरून हेल्मेटांचे आराखडेही सुचवले गेले. २०२२ मध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून असे दिसले की सुतार पक्ष्यांची कवटी धक्का शोषत नाही, ती ताठ हातोडीसारखीच वागते; धक्का शोषला गेला असता तर चोचीचा घावच बोथट झाला असता. पक्षी वाचतो तो त्याचा मेंदू अतिशय लहान असल्यामुळे, कारण वस्तुमान जितके कमी तितका आतील ताण कमी. माणसाच्या मोठ्या मेंदूला हे संरक्षण निसर्गाने दिलेले नाही. शिवाय २०१८ मधील एका तपासणीत काही सुतार पक्ष्यांच्या मेंदूतही टाऊचा साठा आढळला होता. तो इजेचा पुरावा आहे की बचावाचा, याचा निवाडा झालेला नाही.

आता दहीहंडीकडे वळायला हवे, कारण वारंवार आणि सौम्य या दोन्ही विशेषणांना मुंबईत तिच्याइतका चपखल बसणारा दुसरा खेळ नाही. तिच्याविषयीची सार्वजनिक चर्चा उंचीभोवती आणि मृत्यूंभोवती फिरत राहिली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये थरांची उंची २० फुटांवर आणली व १८ वर्षांखालील गोविंदांना मनाई केली, सर्वोच्च न्यायालयात त्यावर फेरविचार होत राहिला, २०१६ मध्ये ते निर्बंध पुन्हा लागू झाले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा ठरवण्याचे काम विधिमंडळाचे असल्याचे सांगून, १४ वर्षांखालील मुलांना थरांवर चढू न देण्याची राज्य सरकारची हमी नोंदवून घेतली. त्यानंतर थर वाढतच गेले. जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थरांचा, ४३.७९ फुटांचा विक्रम केला होता. १६ ऑगस्ट २०२५ रोजी जोगेश्वरीच्याच कोकण नगर गोविंदा पथकाने ठाण्यात दहा थर लावले.

उंचीचे गणित स्पष्ट आहे. ४३.७९ फुटांवरून थेट खाली पडणारे शरीर जमिनीशी ताशी सुमारे ५८ किलोमीटर वेगाने पोहोचते आणि २० फुटांवरून पडणारे सुमारे ३९ किलोमीटर वेगाने. म्हणूनच वरच्या थरांसाठी सुरक्षा दोर, हेल्मेट आणि खालच्या गाद्या यांचा आग्रह धरला गेला आणि तो रास्तच आहे. परंतु खांद्याच्या उंचीवरून, म्हणजे साधारण दीड मीटरवरून घसरलेल्या गोविंदाचा वेगही ताशी १९ ते २० किलोमीटर भरतो, आणि अशा घसरणीची नोंद कोणी ठेवत नाही. थर कोसळतात तेव्हा सर्वांचे लक्ष एक्क्याकडे, म्हणजे सर्वांत वर चढलेल्या मुलाकडे जाते. पण त्या क्षणी बुंध्याच्या, म्हणजे सर्वांत खालच्या थराच्या, वर्तुळात डोक्याला डोके भिडवून, माना खाली घालून उभ्या असलेल्या दहा-बारा जणांच्या डोक्यांवर वरच्यांचे गुडघे, टाचा आणि कोपरे आदळतात. बुंध्यातल्या गड्याला तो मार येताना दिसत नाही, त्यामुळे मान आवळून सावध होण्याची संधी त्याला मिळत नाही, आणि सैल मानेवरचे डोके पिळाच्या धक्क्याला अधिक सहज बळी पडते. हेल्मेट बहुधा एक्क्याच्या डोक्यावर असते, बुंध्याच्या नव्हे.

यात पुनरावृत्तीची भर पडते. अनेक पथकांचा सराव गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सुरू होतो आणि गोपाळकाल्यापर्यंत, म्हणजे साधारण साडेपाच आठवडे, रात्री कामावरून परतल्यावर चाळीच्या, वसाहतीच्या किंवा मैदानाच्या आवारात थर लावले जातात, उतरवले जातात आणि मधूनमधून कोसळतात. प्रत्यक्ष दिवशी तर एकच पथक सकाळपासून रात्रीपर्यंत ट्रक आणि दुचाक्यांवरून एका हंडीकडून दुसऱ्या हंडीकडे जाते. सकाळी दहिसरला कोसळलेल्या थरातला तरुण दुपारी मागाठाण्यात पुन्हा बुंध्याला उभा राहतो, कारण त्याच्या जागेवर उभा राहील असा त्याच्या बांध्याचा दुसरा गडी पथकात नसतो आणि ‘काही नाही, जरा लागलंय’ म्हणणे हाच त्या दिवसाचा रिवाज असतो. वर सांगितलेल्या ऊर्जेच्या तंगीचा सर्वांत नाजूक काळ नेमका याच तासांचा असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि मृत गोविंदाच्या वारसांना दहा लाख रुपयांची मदत ठरवली. मदतीचा हिशेब मृत्यू, गंभीर इजा आणि हातपाय जायबंदी होणे यांवर बसवलेला आहे. महिनाभर डोके दुखणाऱ्या, हिशेबात चुका करू लागलेल्या, घरी उगाच चिडणाऱ्या गोविंदाची गणती त्या हिशेबात कुठेच होत नाही, आणि आपल्या या अवस्थेचा त्या कोसळण्याशी संबंध असू शकेल, हे त्यालाही सहसा सुचत नाही.

हेल्मेटाविषयी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. ते कवटीचा अस्थिभंग आणि त्यासोबतचा जीवघेणा रक्तस्राव टाळते, म्हणून ते अत्यावश्यकच आहे; पण कवटीच्या आत मेंदू पिळला जाणे ते फारसे थांबवू शकत नाही. हेल्मेट होते म्हणून कन्कशन झाले नसेल, हा तर्क पंत आणि दुबे यांच्या उदाहरणांतच खोटा ठरलेला आहे.

वारंवारच्या मुक्या माराचे आणखी एक ठिकाण आहे, जिथे प्रेक्षक नसतात. घरगुती हिंसाचारात बाईच्या कानशिलात मारणे, केस धरून डोके भिंतीवर आपटणे, गळा आवळणे हे प्रकार वारंवार घडतात आणि खेळाडूला मिळणारी विश्रांती किंवा पर्यायी जागा तिच्या वाट्याला येत नाही. १९९० मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, सतत मारहाण सोसलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत मुष्टियोद्ध्यांसारखेच बदल आढळल्याची नोंद प्रसिद्ध झाली होती. परंतु गेल्या तीन दशकांतले संशोधन आणि पैसा प्रामुख्याने पुरुष खेळाडूंकडे गेला. अशा स्त्रीचा विसराळूपणा, तारखांचा घोळ, तक्रार सांगताना क्रम चुकणे हे पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात तिच्या खोटेपणाचे लक्षण मानले जाते, तेव्हा मूळ इजेवर दुसरा अन्याय होतो. मुंबई महानगरपालिका आणि सेहत या संस्थेने २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्र हे रुग्णालयाच्या आतच अशा स्त्रियांना आधार देणारे देशातील पहिल्या प्रयत्नांपैकी एक, आणि पुढे शहरातील इतर रुग्णालयांतही ते पोहोचले. तिथे येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ‘डोक्यावर किती वेळा मार बसला आहे’ हा प्रश्न विचारला जाणे आणि उत्तर नोंदवले जाणे तितकेच गरजेचे आहे, जितके हाताचे मोडलेले हाड नोंदवणे. मुलांच्या बाबतीतही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षेला बंदी घातली असली, तरी कानाखाली वाजवण्याची आणि डोक्यात टपली मारण्याची सवय घरांतून आणि शिकवण्यांतून पुरती गेलेली नाही. ती जायला हवी.

उपचाराच्या बाजूने पाहता जगभरच्या तज्ज्ञांची ॲमस्टरडॅम येथे २०२२ मध्ये भरलेली परिषद सध्या मार्गदर्शक मानली जाते. तिच्या शिफारशींनुसार मार लागल्यानंतर पहिले २४ ते ४८ तास तुलनेने विश्रांती घ्यावी, या काळात मोबाइल आणि टीव्हीचा वापर कमी ठेवावा, मात्र अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहू नये. त्यानंतर हलके चालणे, मग धावणे, मग इतरांशी धडक न होणारा सराव असे टप्प्याटप्प्याने पुढे जावे आणि मुलांनी खेळाआधी शाळेत पूर्ववत रुळावे. सतत वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, झटके, वाढता गोंधळ, बोलणे जड होणे, हातापायांतली ताकद कमी होणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे किंवा जागे करूनही जाग न येणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे, कारण ती सौम्य दुखापतीची लक्षणे नसून आत रक्त साचत असल्याची असू शकतात.

दहीहंडी बंद व्हावी, मुलांनी क्रिकेट सोडावे, असे या शास्त्रातील कोणतेही संशोधन सांगत नाही, आणि तसे सांगणाऱ्यांचे पथकांतील तरुण ऐकणारही नाहीत. मागणी फार लहान आहे आणि ती पथकांच्या प्रमुखांकडे, प्रशिक्षकांकडे आणि पालकांकडे आहे: सरावाच्या हजेरीवहीत डोक्याला मार लागलेल्याचे नाव आणि तारीख लिहावी, तो कितीही ठीक असल्याचे म्हणाला तरी त्या दिवशी त्याला पुन्हा थराला किंवा खेळाला उभे करू नये, डॉक्टरांनी मोकळीक दिल्याखेरीज परत घेऊ नये, आणि बुंध्यात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकासाठी एकेक राखीव गडी गुरुपौर्णिमेपासूनच तयार ठेवावा.